खोकायला शिकवताना

प्रिय सविता,

हे पत्र एकटी असताना वाच. फोनवर सांगितलं असतं तर "ठेवते गं, आई हाका मारतीय" म्हणून तू सुटली असतीस.

सुरेखाताई आमच्या पुण्याच्या वॉर्डात आली तेव्हा तिची फुफ्फुसं वाळलेल्या दोडक्यासारखी कडक झाली होती. नवी बसवली, श्वासासाठी घशात घातलेली नळी निघाली, तेव्हा तुझी बहीण पहिलं काय म्हणाली ठाऊक आहे? "भारते, आता दम न लागता शिवी देता येती." लगेच दाजींना एक हासडलीही.

तिला खोकायला शिकवणं हे वॉर्डातली नर्स म्हणून माझं काम होतं. बदललेल्या फुफ्फुसांच्या नसा तुटलेल्या असतात. आत कफ साठला तरी उबळ येत नाही. टाक्यांवर उशी दाबून, ठरवून, जोर लावून खोकावं लागतं. ताईला तेच जमेना. लग्नापासून तिनं पदरात तोंड खुपसून खोकला गिळलेला, कोणी टीबी म्हणू नये म्हणून. "माणसांत कसं खोकू गं?" म्हणत ती दाराकडे बघायची. मी आमच्या घरातली पहिली पदवीधर. मला वाटायचं, कारण नीट समजावलं की माणूस ऐकतोच. आणि ती शिकलीही. श्रीरामपूरला घरी गेल्यावर सासूबाई, गीताबाई, समोर बसून स्वतः खोकून दाखवायच्या. "खोक की, का मुहूर्त काढू?"

मग तिच्या नणंदेला बघायला पाहुणे आले, मुक्कामाला राहिले. ताई मास्क लावून आतल्या खोलीत बसली आणि ते जाईपर्यंत एकदाही खोकली नाही. तिला कोणी गप्प बस म्हटलं नव्हतं. गीताबाई रडत सांगतात, "मीच म्हनले, परसात जाऊन खोकून ये." पण पाहुण्यांच्या कानावर आजाराचा आवाज जायला नको, हे तिचं तिनंच ठरवलं. तापसुद्धा लपवला. आमच्याकडे आणली तेव्हा न्यूमोनिया दोन्हीकडे पसरला होता. डॉक्टर म्हणतात, संसर्ग एरवीही झाला असता. असेल. पुन्हा नळी घालण्याआधी तिनं माझा हात धरून विचारलं, "पाहुण्यांचा होकार आला का?" आला होता. मी तसं सांगितलं. ती हसली. नंतर ती बोललीच नाही. शेवटी तिला पुसून साडी नेसवली ती मीच.

सविता, यातलं बरंचसं तुला ठाऊक आहे. तरी लिहिलं, कारण दहाव्याला घाटावर तू बाभळीमागे गेलीस. तोंडात ओढणी, खांदे हलत होते. सगळ्यांना वाटलं, रडतेय. मी रोज हेच आवाज ऐकते गं. ते रडणं नव्हतं. ताईचा आजार भावंडांतही असू शकतो, असं डॉक्टर तेव्हाच म्हणाले होते. तुला स्थळं येताहेत, हेही मला माहीत आहे. कदाचित साधी धूळ असेल, तसंच निघो. पण स्कॅन केल्याशिवाय कळणार नाही, आणि लवकर कळलं तर औषधांनी आजाराचा वेग कमी करता येतो. सोमवारी मिरजगावहून सकाळच्या एसटीनं नगरला ये. आईशी मी बोलेन. आणि वाटेत उबळ आली तर गिळू नकोस. भर गाडीत, सगळ्यांसमोर, मोठ्यानं खोक.

सोमवारी नगरच्या माळीवाडा स्टँडवर उभी असणारी,
तुझीच भारती