शर्वरीने पाठवलेले अल्बम आणि बाकीची मालमत्ता

मी, श्रीमती अरुणा प्रभाकर देवचक्के, वय एकोणसत्तर, राहणार वनश्री सोसायटी, आमली, सिल्वासा, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत आणि स्वतःच्या अकलेने लिहीत आहे. माझ्यावर कोणीही दबाव टाकलेला नाही. दबाव टाकायला घरात दुसरे माणूसच नाही. रक्तदाब आहे, तो गोळीने आटोक्यात असतो, आणि डॉक्टरांचा तसा दाखला सोबत जोडला आहे.

माझे पती कै. प्रभाकर मसाटच्या एका सूत कारखान्यात मेन्टेनन्स इंजिनियर होते. नाशिकहून आम्ही थोड्या दिवसांसाठी म्हणून आलो आणि इथलेच झालो. मला एकच अपत्य, मुलगी शर्वरी, ती पुण्याला असते. माझ्या मालमत्तेवर तिच्याशिवाय कोणाचाही हक्क नाही. नाशिकच्या दीर-जावांनी यात स्वतःचे नाव शोधू नये. ते प्रभाकरच्या तेराव्यालाही आले नव्हते.

१. राहता फ्लॅट, बँकेतली ठेव आणि माझ्या पाटल्या मी शर्वरीला मालकी हक्काने देत आहे. पाटल्या जुन्या घडणीच्या आहेत. मोडल्या तरी माझी हरकत नाही, फक्त मोडण्याआधी एकदा घालून बघाव्यात.

२. अल्बम. शर्वरी दर रविवारी फोनवर एक अल्बम पाठवते आणि खाली लिहिते, "आई, हे ऐक, शांत वाटेल." पूर्वी त्या वेळेला तिचा फोन यायचा. हे कॉम्प्युटरवर केलेले संगीत आहे. त्यात गाणारे कोणी नाही, ठेका नाही. एक सूर येतो, पसरतो आणि दुसरा सावकाश त्याच्यात मिसळतो. माझ्या वकील मृणालताई म्हणाल्या, "काकू, हे तुमच्या मालकीचं नाही. महिन्याचे पैसे भरणं बंद, की अल्बम बंद. मृत्युपत्रात कसं लिहिणार?" तेव्हा अल्बम राहू देत. मी जे ऐकले ते तरी माझ्या मालकीचे आहे. ते शर्वरीला देते, पुढीलप्रमाणे:

(अ) नारिंगी चित्राचा. यातला खालचा सूर इतका उबदार आहे की मी स्पीकरवर तळहात ठेवून बसले. मध्येच कोणी भांडी विसळावीत तसा बारीक आवाज येतो. मी उठून स्वयंपाकघरात बघून आले.

(ब) राखाडी डोंगराचा. याचा मला रागच आला. चहा टाकला, गाळला, प्यायले, तरी तोच सूर. तो थांबला तेव्हा कळले की इतका वेळ मला सोबत होती. मी रडले. शांत वाटले असे मात्र म्हणणार नाही.

(क) निळा. पियानोचा एक सूर वाजतो आणि दुसरा येईल की नाही याची खात्री नसते. हा मला आवडला नाही. वाट बघण्याची शिकवणी मला नको.

हे सगळे मी तिला त्या त्या वेळी लिहून कळवले होते. उत्तर म्हणून अंगठा आला.

३. प्रभाकरची पान्यांची पेटी गोकुळला. तो सोसायटीचा पंप बघतो. राखाडी अल्बम मी जरा मोठ्याने लावला, तेव्हा सेक्रेटरी सुरेशभाईंनी मोटर कोरडी चालते आहे असे ठरवून टाकले आणि सगळ्या इमारतीचे पाणी बंद करून गोकुळला मोटर खोलायला लावली. इथले निम्मे लोक कारखान्यात जातात, त्यामुळे काही घुमले की बिघाड, एवढेच त्यांना सुचते. गोकुळने जिन्यात उभे राहून कान दिला. "शेठ, मोटर बराबर आहे. काकूंकडे काहीतरी चालू आहे."

सुरेशभाई दारात आले. "बेन, घरात मशीन लावायला परमिशन लागते."

"मशीन नाही, संगीत आहे," मी म्हणाले.

ते बराच वेळ ऐकत उभे राहिले. मग विचारले, "चालू कधी होणार?"

त्यानंतर नोटीस बोर्डावर माझे नाव घालून 'घरात विनापरवानगी मशीन लावू नये' असा जो मजकूर लागला तो मी विसरलेली नाही. सुरेशभाईंना या मृत्युपत्रान्वये काहीही मिळणार नाही. साक्षीदाराला काही मिळत नसलेले बरे, असे मृणालताई म्हणतात. त्यामुळे ते साक्षीदार म्हणून अगदी योग्य आहेत.

४. स्पीकर रोहिणी कोळीला. ती शिरपूरची, मसाटला रात्रपाळी करायची आणि माझ्या आतल्या खोलीत भाड्याने राहायची. पहिल्याच दिवशी अल्बमचा आवाज ऐकून म्हणाली, "मावशी, तुमना फ्रीजनी बेअरिंग गयी वाटस." पुढे त्या आवाजाशिवाय तिला दिवसा झोप लागेना. लग्न होऊन ती दादऱ्याला गेली. तेव्हापासून मी स्पीकर त्या खोलीत लावते, दार ओढून घेते आणि बाहेर हॉलमध्ये बसते. आत कोणीतरी आहे असे वाटते. संगीत ऐकायची ही रीत नसेल, पण घर खायला उठते आणि मला दुसरा इलाज सापडलेला नाही.

५. फ्लॅट विकण्यापूर्वी शर्वरीने या घरात बसून एक तरी अल्बम पूर्ण ऐकावा, अशी अट मी कलम १ ला घातली होती. मृणालताई म्हणाल्या, "पण काकू, ऐकला की नाही हे कोण बघणार?"

"मी बघेन," मी म्हणाले.

त्यांनी कागद माझ्यापुढे सरकवला. थोड्या वेळाने आम्ही दोघींनी मिळून ती अट खोडली.

६. मृत्युपत्र माणूस गेल्यावर वाचायचे असते, हे मला माहीत आहे. तरी सह्या झाल्या की याची एक प्रत मी आजच शर्वरीला फोनवर पाठवणार आहे. शर्वरी, दिवाळीला येते म्हणाली होतीस, दिवाळी होऊन गेली. घर, ठेव, पाटल्या, सगळे तुला मी गेल्यावर मिळेल. मी तेवढी मिळणार नाही. म्हणून त्याआधी ये.

लिहून देणार: अरुणा प्रभाकर देवचक्के (सही)

आमच्या समक्ष सही केली:
१. सुरेश देसाई, सेक्रेटरी, वनश्री सोसायटी (सही)
२. जया वरठा, तळमजला, वनश्री सोसायटी (सही)

स्थळ: सिल्वासा
दिनांक: १६ नोव्हेंबर २०२५, रविवार