तुझी भावजय आता 'चॅम्प' झाली आहे

तीर्थस्वरूप ताईस,

धाकट्या भावाचा वाकून नमस्कार. (वाकून म्हणजे हल्ली जेवढे वाकता येते तेवढे, उरलेले मनाने वाकलो आहे असे समज.) तुझ्या डाव्या डोळ्याचे ऑपरेशन नीट पार पडले आणि आता तुला भावोजींच्या शर्टावरचे डागही दिसू लागले, हे वाचून फार आनंद झाला. भावोजींना तितकासा झाला नसावा. ते कानातले यंत्र अजून पाहुण्यांपुरतेच लावतात का? लावू देत. संसारात दोघांपैकी एकाने तरी कमी ऐकावे, म्हणजे तो टिकतो. इकडे सर्व क्षेम आहे असे लिहायची रीत आहे म्हणून लिहिले. खरे सांगायचे तर मी आतून धुमसतो आहे, आणि तेही अशा माणसावर, ज्याला अख्ख्या आयुष्यात एक कविता धड पाठ नाही.

मुळापासून सांगतो. मी शाळेत मराठी शिकवत होतो तरी आमचे व्यायामाचे मास्तर वारंवार रजेवर जात आणि त्यांचा तास माझ्या गळ्यात पडे, हे तुला आठवत असेल. मला शिट्टी वाजवता येत नसे. (दातांतली फट तेव्हाही होती.) म्हणून मी मुलांना वृत्तांवर कवायत करायला लावली. 'उभे हात ठेवा, झुको मान खाली' ही ओळ माझीच, अस्सल भुजंगप्रयात. तिच्यावर सगळा वर्ग असा काही डुलायचा की मुख्याध्यापक एकदा खिडकीशी येऊन, आत कोणी गारुडी आला आहे का, असे विचारून गेले. काय दिवस होते ताई! चिंचेची सावली, खडूचा वास, आणि पन्नास पोरे एका लघूवर माना वर करताहेत. निवृत्तीनंतर तीच विद्या मी नदीकाठच्या बागेत चार म्हाताऱ्यांना शिकवू लागलो, आणि सकाळचा फेरा सुरू केला. मी पुढे कविता म्हणत चालायचो, तुझी भावजय मागून ऐकत यायची. चार म्हातारे पुढे गळाले (दोघे मुलांकडे गेले, दोघे वर गेले), पण तिचे येणे चालू होते. कवीला, आणि कवी नसलेल्या कवितावेड्यालाही, शेवटी एक श्रोता लागतो. माझी ती शेवटची श्रोती. ही जहागीर कोणी बळकावील असे मला स्वप्नातही वाटले नव्हते.

तर बेकरीच्या वर, पूर्वी जिथे टायपिंगचा क्लास होता, तिथे एक तरुण पर्सनल ट्रेनर आला. पर्सनल ट्रेनर म्हणजे एका माणसाला उठाबशा काढायला लावण्यासाठी ठेवलेला दुसरा माणूस. आमच्या वेळी हे काम गणिताचे मास्तर फुकट करीत. ह्याचे खांदे दाराएवढे आणि कंबर मनगटाएवढी, म्हणून मी त्याचे नाव त्रिकोण ठेवले आहे. बाह्या नसलेला सदरा घालतो. (बाह्या शिवून मिळतात हे त्याला कोणीतरी सांगायला हवे.) भिंतीला आरसे लावले आहेत, माकडाला आरसा मिळाला की काय होते ते तू जाणतेसच. डॉक्टरांनी तुझ्या भावजयीला गुडघ्यांसाठी व्यायाम सांगितला, तेव्हा मी म्हटले, घरात गंगा असताना विहीर कशाला शोधतेस? त्यावर ती म्हणाली, "अहो, तुमच्या गंगेत मी तीस वर्षं बुडते आहे," आणि गेली ती थेट बेकरीच्या वर.

पहिल्या महिन्यात ती जिन्याचा कठडा न धरता वर आली. मी म्हटले, वा. मग ती वरच्या फळीवरचा डबा स्टुलाशिवाय काढू लागली. हेही ठीक. पण तिकडून येताना ती हसत येऊ लागली, तिथे मात्र माझे डोके फिरले. कशाला हसतेस विचारले, तर म्हणे, "काही नाही हो, तो मला चॅम्प म्हणतो." चॅम्प! ताई, ह्या बाईला मी 'अगं' सोडून दुसऱ्या नावाने कधी हाक मारलेली नाही. एकदा लग्नाच्या पहिल्या वर्षी 'मृगनयने' म्हणून पाहिले, तर तिला वाटले मी कामवालीला बोलावतो आहे. मी म्हटले, तुला चॅम्प म्हणायचे त्याला कारण काय? ती म्हणाली, "अहो, तो सगळ्यांनाच म्हणतो." म्हणजे जखमेवर मीठ ते मीठ, आणि तेही सगळ्यांना वाटलेले! त्यातच सकाळच्या फेऱ्याला ती दिवसाआड येऊ लागली. बाकीचे दिवस म्हणे 'पायांना विश्रांती', त्याने सांगितली आहे. मी एकटाच बागेत कविता म्हणत फिरू लागलो आणि एक कुत्रे माझ्यापासून लांबून जाऊ लागले.

तेव्हा मी ठरवले, आपणही ह्या व्यवसायात उतरायचे. अनुभव माझा, आवाज माझा. त्याच्याकडे आहे काय, दोन दंड? मी छापखान्यातून कार्डे करून आणली, 'वृत्तबद्ध व्यायाम, ज्येष्ठांसाठी, खाजगी मार्गदर्शन'. बाहेरच्या खोलीतला सोफा भिंतीला लावला, जुनी गोधडी चटई म्हणून अंथरली, आणि पहिले गिऱ्हाईक मिळवले ते साधेसुधे नव्हे, समोरच्या इमारतीतले निवृत्त जज्जसाहेब. त्यांनाही शाळेतल्या कविता तोंडपाठ. आम्ही दोघांनी पहिले तीन दिवस व्यायाम केलाच नाही, नुसत्या कविता म्हटल्या, आणि दोघांनाही विलक्षण हलके वाटले. चौथ्या दिवशी मात्र मला व्यवसायाची जबाबदारी आठवली.

आता बैठकांना कोणते वृत्त घ्यावे? मी मंदाक्रांता घेतले. नावातच 'मंद' आहे, तेव्हा ज्येष्ठांना सोसेल असा माझा विचार, आणि जज्जसाहेबांनीही मान डोलावून त्याला दुजोरा दिला. नियम असा केला, की गुरू आला की खाली बसून राहायचे, लघू आला की उठून पुन्हा बसायचे. तू शाळेत हुशार होतीस, तुझ्या लक्षात आलेच असेल. मंदाक्रांतेत आधी चार गुरू, म्हणजे साहेब आठ मात्रांचे ओझे घेऊन खाली बसलेले. आणि लगेच पाठोपाठ पाच लघू! पहिल्या लघूला साहेब उठले. दुसऱ्याला उठले, पण चेहरा फाशीची शिक्षा सुनावतानाचा झाला. तिसऱ्याला त्यांच्या गुडघ्यांनी निकाल राखून ठेवला. ना वर, ना खाली, असा त्रिशंकू होऊन ते अधांतरी थांबले, आणि मग हळूच गोधडीवर लवंडले. मी वृत्त मोडू नये म्हणून ओळ पुरी केली (सवय!), आणि मग त्यांना उचलायला गेलो, तर माझीच कंबर धरली. खोलीत आम्ही दोघे शेजारी शेजारी आडवे, वर पंखा, आणि साहेब क्षीण आवाजात विचारताहेत, "मास्तर, ह्यात थांबायचा यती कुठे होता?"

अशा वेळी दार उघडून कोण यावे? तुझी भावजय. आणि तिच्यामागे, तिची भाजीची पिशवी हातात घेऊन (ती पिशवी मी कधी घेतली नव्हती असे नाही, फक्त ती मला देत नाही, मी वाटेत विसरतो म्हणून), त्रिकोण! तो हसला असता तर मी त्याला माफ केले असते. तो हसला नाही. पिशवी खाली ठेवली, साहेबांच्या शेजारी गुडघे टेकले, म्हणाला, "घाबरायचं काही नाही साहेब. श्वास सोडा. अजून सोडा. आता माझ्या मानेभोवती हात टाका." आणि त्यांना लहान मुलासारखे उठवून खुर्चीत बसवले. मग माझ्याकडे वळून, "काका, तुम्ही कुशीवर वळा आधी." वळलो. काय करणार? साहेबांना म्हणाला, आधी डॉक्टरांना दाखवून या, ते हो म्हणाले तरच माझ्याकडे. दुसऱ्याच आठवड्यात साहेब बेकरीच्या वर. शिवाय जाता जाता मला सांगून गेले, की कवितेसाठी मात्र ते माझ्याचकडे येतील, दर रविवारी, खुर्चीवर बसून.

कंबर सुटल्यावर मी आभार मानायच्या निमित्ताने तिकडे गेलो. खरे म्हणजे हेरगिरीला. दाराजवळच्या बाकावर बसून मी त्याचा धंदा पाहिला, आणि ताई, माझा जळफळाट दुप्पट झाला, कारण त्यात काही लबाडी सापडेना. एक कंत्राटदार आला, मुलीच्या लग्नाआधी महिनाभरात पोट घालवून दे म्हणाला. त्रिकोणाने त्याला सरळ सांगितले, "महिन्यात नाही जाणार काका, गेलं तर परत येईल," आणि बरा मोठा मासा हातचा सोडला. मूर्ख, म्हटले मी मनात. पण तो कंत्राटदार जिन्यात घुटमळला आणि पुन्हा वर आला. कोणी दोन दिवस आले नाही तर हा त्यांना फोन करतो, आणि का आला नाहीत असे न विचारता, बरे आहे ना, असे विचारतो. मी जन्मभर हजेरी घेतली. गैरहजर माणूस बरा आहे का, हे विचारायचा रकानाच आमच्या हजेरीपटात नव्हता. मोजकीच माणसे घेतो. दुपारी स्वतः झोपतो, म्हणे शिकवणारा दमला की शिकणारा मोडतो. सुट्टीच्या दिवशी स्वतः कुठेतरी शिकायला जातो. असली माणसे ह्या धंद्यात टिकून राहतात आणि आपल्यासारख्यांना चडफडत बसायला बाकही देतात.

पण खरा घाव पुढेच आहे. नवीन माणूस आला की तो विचारतो, तुम्हाला काय साधायचे आहे? जज्जसाहेबांना विचारले, तर ते म्हणाले, "खाली पडलेला पेन मला स्वतःला उचलता यावा." मग साहेबांनी सहज तुझ्या भावजयीला विचारले, "वहिनी, तुमचं काय?" तिची पाठ माझ्याकडे होती. एका पायावर उभी होती, बगळ्यासारखी, आणि त्रिकोणाचा तळवा तिच्या कोपराखाली, न लागता, नुसता तयार. ती म्हणाली, "मला ह्यांच्या पुढे जायचंय."

साहेब हसले. कंत्राटदार हसला. त्रिकोण म्हणाला, "होणार चॅम्प, घाई नको." मी बाकावरून उठून घरी आलो.

आणि झाले, ताई. परवा सकाळी बागेत मी नेहमीप्रमाणे पुढे, कविता रंगात आलेली, आणि दुसऱ्या कडव्याला माझ्या खांद्याजवळून एक वारा गेला. तो वारा नव्हता, तुझी भावजय होती. "येते हो पुढे," म्हणाली. पांढरे बूट, ताठ मान, वेणीचा शेपटा घड्याळाच्या लंबकासारखा. मी तिला इतक्या वर्षांत पाठमोरे असे चालताना पाहिलेच नव्हते. चालते छान. मी वेग वाढवला, तर कविता सुटली. कविता धरली, तर वेग सुटला. पुढे गेलेल्या माणसाला मागून म्हटलेले ऐकूही जात नाही, हे मला त्या दिवशी कळले. घरी आल्यावर मी चेहरा पाडून बसलो, तर तिने चहा केला आणि म्हणाली, "कडवं शेवटचं राहिलं ना? म्हणा आता." मी म्हटले, घसा बसलाय. बसला नव्हता.

असो. असल्या धंद्यांचे दिवस चार असतात, पाहशील तू. भावोजींना नमस्कार सांग (मोठ्याने).

तुझाच,
धाकटा

ता. क. : तुला एक काम आहे. तुझ्या भावजयीला आपणहून एक पत्र लिही, आणि त्यात जाता जाता असे घाल, की 'त्यालाही तुझ्या त्या वर्गात घेऊन जा, घरात बसून गंजतो आहे.' माझे नाव कुठेही येऊ देऊ नकोस. ती मला विचारील, तेव्हा मी एकदा नाही म्हणेन, ते म्हणावेच लागेल. दुसऱ्यांदा म्हणेन, थोरल्या बहिणीचा शब्द मोडवत नाही.

आणखी ता. क. : त्रिकोणाकडे सध्या जागा नाही, लोक रांग लावून आहेत, त्यामुळे तिला त्याच्याकडे माझ्यासाठी वशिला लावावा लागेल, हेही तुझ्याच तोंडून सुचव. माकड, आरसा वगैरे जे वर लिहिले आहे ते भावोजींना वाचून दाखवू नकोस. ते यंत्र नेमके अशाच वेळी लावतात.

शेवटचा ता. क. : पत्र लगेच टाक. ती दर फेऱ्याला एक बाक पुढे जाते आहे. आज पुलापर्यंत पोचली होती. पुलापलीकडे रस्ता वळतो, आणि मग मला ती मागून दिसायची नाही.