सात नंबरचा गाल

ती. ताईस,

धाकट्या भावाचा वाकून नमस्कार. तुझे गुडघे आणि भाऊजींचं ब्लडप्रेशर कसं आहे ते कळव, पण एका पानात कळव. इकडे सर्व ठीक. फक्त माझ्या डाव्या गालाच्या आतला मसुराएवढा तुकडा डॉक्टरांनी कापून तपासायला पाठवला आहे आणि त्याचा निकाल सोमवारी मिळणार आहे. (खाली बस. पाणी पी. मग पुढे वाच.) फोनवर सांगितलं असतं, पण फोनवर तू मला पहिल्या वाक्यापुढे जाऊ देत नाहीस.

आमच्या प्रयोगशाळेत काय चालतं हे तू दर खेपेला विचारतेस आणि मी ‘काचा पुसतो’ म्हणून वेळ मारून नेतो. तर आता ऐक. शरीरातल्या पेशीच्या अंगावर निरोप झेलणारे निरोपे बसलेले असतात. बाहेरून ‘वाढ’ असा निरोप आला की हा आतल्याला सांगतो, तो पुढच्याला, असं करत निरोप मधल्या मुख्य कचेरीत पोचतो, पेशीच्या दोन पेशी होतात आणि मग सगळे गप्प बसतात. हे गप्प बसणं फार महत्त्वाचं. तोंडाच्या आणि घशाच्या कॅन्सरात बऱ्याचदा हे निरोपे नको तितके वाढतात आणि कुणी काही सांगितलेलं नसताना दिवसभर ‘वाढ, वाढ’ करत राहतात. (आपल्या थोरल्या काकूंना जेवायला वाढताना आठव.) त्यातून औषधानं एक वाट अडवली, तर निरोप दुसऱ्या वाटेनं आत शिरतो. आमच्या प्रमुख मॅडम हे सांगताना वैतागतात. मला मात्र त्या पेशीबद्दल आपलेपणा वाटायचा, कारण तुझी भावजय माझे खिसे तपासायला लागल्यापासून तंबाखूची पुडी मी कधी छत्रीत, कधी मोज्यात, तर एकदा चक्क देवघराच्या कपाटामागे ठेवत आलो आहे. (हो, खातो. वीस वर्षं. आता रागावून उपयोग नाही.)

तर झालं असं की रोग्यांच्या पेशींशी ताडून बघायला मॅडमना धडधाकट माणसांचे गाल हवे होते. आम्हा बाराजणांच्या गालाच्या आतून मऊ ब्रश फिरवला, काचेवर पेशी घेतल्या, प्रत्येकाला नंबर दिला. नावांची वही माझ्या कपाटात, किल्ली माझ्याकडे. आधी एक फॉर्म होता, त्यात तंबाखू खाता का, असं विचारलं होतं. त्या प्रश्नाला ‘नाही’ म्हणायची घरी इतकी सवय झाली आहे की हात आपोआप तेच लिहून मोकळा झाला. मॅडमच्या डोळ्यांत धूळ फेकावी असा विचारही मनात आला नाही, एवढ्यावर तरी विश्वास ठेव.

मग काचा रंगवल्या. निरोपे जितके जास्त, तितका तपकिरी रंग गडद. अकरा काचा फिक्या आणि सात नंबर काळ्या चहासारखा. मॅडमनी रंगावर संशय घेतला, नवी बाटली मागवली. मग फ्रीजवर. मग मायक्रोस्कोपवर. तो दुरुस्त करणारा माणूस आला, त्यानं सगळा खोलून पुन्हा जोडला आणि एक स्क्रू उरला तो मला देऊन गेला. या काळात मी वही दोनदा उघडून पाहिली होती. सात नंबर मीच. तरीही तीन आठवडे मी मॅडमबरोबर कपाळाला आठ्या घालून फ्रीज पुसत होतो. हसू येत होतं असं तुला वाटेल. पहिला आठवडाच आलं. नंतर मी रोज न्हाणीघरातल्या आरशात तोंड उघडून डाव्या गालाच्या आत उठलेला पांढरा चट्टा बघत होतो आणि भीत होतो.

शेवटी माझ्यातला सज्जन जागा झाला. एका सकाळी मी ताठ मानेनं मॅडमच्या खोलीत गेलो आणि कुणी काही विचारायच्या आत सांगून टाकलं. त्या रागावल्या नाहीत. टॉर्च हातातच होता (कसा कोण जाणे), एवढंच म्हणाल्या, “तोंड उघडा.” दुपारी डॉक्टर, चार दिवसांनी तुकडा. चट्टा अजून नुसता चट्टा असेल किंवा पुढे गेला असेल, ते सोमवारी कळेल. तोवर पुडी बंद आहे आणि मी फार धीरानं घेतो आहे.

तुझा आज्ञाधारक (यापुढे),
धाकटा

ता. क. हिला यातलं अक्षरही माहीत नाही. दाढ काढली असं सांगितलं आहे, तूही तेच सांग. पत्र टाकायला हिच्याच हाती देतो आहे, पण पाकीट नीट चिकटवलं आहे.

ता. क. दुसरा. वन्सं, नमस्कार. पाकीट मी वाफेवर उघडलं. सहा महिने यांना तिखटाचा घास गिळवत नाही, मला कळणार नाही का? ज्या सकाळी यांच्यातला सज्जन जागा झाला म्हणतात, त्याच्या आदल्या दिवशी मी मॅडमना फोन केला होता. यांना त्यांनी खोलीत बोलावून घेतलं. सोमवारी हे दवाखान्याच्या दारापर्यंत जातील आणि गर्दी होती म्हणून परत येतील. तसं मी होऊ देणार नाही, दंडाला धरून नेईन. पण तो कागद वाचताना माझा हात धरायला कुणी नाही. तुम्ही रविवारीच या.