शेवटचं पान आधी

पाचोरा
शनिवार

प्रिय रत्ना,

'प्रिय' लिहून झालं आणि वाटलं, खोडावं. पण पत्राची सुरुवात खोडाखोडीनं करू नये असं आपल्याला शाळेत शिकवलं होतं, म्हणून राहू दिलं. एक विनंती आहे. हे पत्र तरी वरून खाली वाच. शेवट आधी बघायची तुझी खोड मला माहीत आहे, आणि इथे काही मी चिकटपट्टी लावलेली नाही.

तुझा निरोप मिळाला. तुझ्या धाकट्या दिराचा हर्षल आणि आमची तेजल. फोटो पाहिला, बायोडाटा पाहिला. पोरगा नीटस दिसतो, जळगावात स्वतःचं मेडिकल आहे, घरी माणसं मोजकी. खाली तू लिहिलंस, 'तेजलसारखाच पुस्तकवेडा आहे, दिपा, डोळे झाकून हो म्हण.' ते 'डोळे झाकून' वाचलं आणि मी फोन पालथा घातला. त्यानंतर तुझा एकही फोन घेतला नाही. घरात तू सांगितलं असशील की दिपाची तब्येत बरी नसेल. मी ठणठणीत आहे. पोरीच्या लग्नाची काळजी कुठल्याही आईला असते तशी मलाही आहे, पण त्या काळजीत तुझं नाव आलं की माझं तोंड कडू होतं. का, ते आज सांगून टाकते.

धुळ्यातले दिवस आठव. आग्रा रोडच्या मागच्या गल्लीत जीवरामनानांचं भाड्यानं पुस्तकं द्यायचं दुकान होतं. दोघींत मिळून एकच वर्गणी, म्हणून एका वेळी एकच पुस्तक. तुला प्रेमाच्या कादंबऱ्या लागायच्या, त्यातही शेवटी लग्न होणाऱ्या. मला रहस्यकथा. खून झालेला असावा, घरातल्या सगळ्यांवर संशय असावा आणि शेवटच्या पानापर्यंत जिवाला घोर असावा, एवढंच माझं मागणं. आठवडा तुझा, आठवडा माझा असं ठरलं होतं, पण तू माझ्या आठवड्याचाही चुथडा करायचीस. दुकानात उभ्या उभ्या शेवटचं पान वाचायचं, आणि पुढच्या कोपऱ्यापर्यंतसुद्धा तुला दम निघायचा नाही. 'डॉक्टरनं मारलंय गं तिला!' मग मी ते पुस्तक काय कपाळ वाचणार? तुझ्यासारख्या गिऱ्हाइकांमुळेच नानांनी शेवटची दहा-बारा पानं कडेनं चिकटपट्टीनं बंद करायला सुरुवात केली. पट्टी शाबूत असेल तर त्याच दिवशी पुस्तक बदलून मिळायचं. पट्टी फाटली की भाडं लागू. 'पट्टी फाटनी म्हणजे पुस्तक वाचाई गयं,' असं नाना बजावायचे. तू त्यावरही तोड काढलीस. पानं वरच्या बाजूनं फुगवायचीस, एक डोळा मिटायचीस आणि भर रस्त्यात पुस्तकाच्या पोटात डोकावायचीस. जाणारे-येणारे थांबून बघायचे. एकदा मी चिडून रडले होते. तेव्हा तू गळ्यात हात टाकून म्हणालीस, 'काय करू दिपा, माहीत झालेली गोष्ट माझ्या पोटात राहतच नाही, पोट दुखतं.' मी ते खरं धरून चालले.

माझ्यासाठी प्रेमराजचं स्थळ तुझ्या होणाऱ्या सासऱ्यांनी आणलं होतं. तुझा साखरपुडा तेव्हा नुकताच झाला होता, आणि आपल्या दोघींचीही लग्नं एकाच माणसाच्या शब्दावर ठरल्याचं आपल्याला केवढं कौतुक होतं. त्या दिवाळीत तू जामनेरला तुझ्या सुंदरमावशीकडे गेलीस. आलीस ती गप्पच होतीस. मला वाटलं, लग्न जवळ आलं, माहेर सुटणार, म्हणून असेल. माझ्या हळदीच्या दिवशी तू माझ्या पायांना हळद लावलीस आणि सगळा वेळ पायांकडेच बघत राहिलीस. आहेर म्हणून मला एक कादंबरी दिलीस. प्रेमाची, शेवटी लग्न होणारी.

पुढचं तुला माहीत आहे, पण मला लिहू दे. प्रेमराजचं बियाण्यांचं दुकान, आणि जामनेरच्या बाजाराला जायचं म्हणून आठवड्यातले तीन दिवस तो तिकडे. बाजार एक दिवसाचा असतो, हे कळायला मला तेजल रांगायला लागेपर्यंत वेळ लागला. रहस्यकथा वाचणारी बाई मी! त्याचं तिथे आधीपासूनच एक घर होतं, एक बाई होती. ते सुटावं म्हणून घरच्यांनी माझ्याशी लग्न लावून दिलं. ते काही सुटलं नाही. माझे आईवडील म्हणाले, आता पोरगी पदरात आहे, घर सांभाळ. मी सांभाळलं. त्या वेळी तू जळगावहून धावत आलीस आणि माझ्या गळ्यात पडून माझ्यापेक्षा मोठ्यानं रडलीस. 'माझ्याच सासरच्यांनी आणलेलं स्थळ, आणि मला कसं गं कळलं नाही?' असं पुन्हा पुन्हा म्हणत होतीस. शेवटी मी पदरानं तुझे डोळे पुसले. मी तुझे पुसले, रत्ना.

तेव्हापासून माझ्या रहस्यकथा सुटल्या. घरात एक रहस्य उघडं पडल्यावर कागदावरच्या खुनाचं काय वाटणार? नवरा-बायकोच्या कादंबऱ्यांकडे तर मी वळूनही बघत नाही. आता प्रवासवर्णनं वाचते. कधी जाणार नाही अशा गावांची, बर्फाची, समुद्राची. दुपारी भांडी आवरली की मागच्या ओट्यावर बसते आणि चार वाजेपर्यंत उठत नाही. प्रेमराजला ते फार सोयीचं आहे. 'तुझं वाचन आहे ना, मग बरं आहे,' म्हणतो, जसं काही वाचणाऱ्या बाईला नवरा लागतच नाही. जामनेरहून येताना तो माझ्यासाठी पुस्तकही आणतो. ज्या माणसाला पेपरात कापसाच्या भावापलीकडे काही दिसत नाही, त्याची निवड कधी चुकत नाही, याचं मला नवल वाटायचं. एकदा एका पुस्तकात केसांची पिन सापडली, खुणेला ठेवलेली. तिथे कुणीतरी आधी वाचतं आणि मग माझ्याकडे पाठवतं. दोन दिवस मी त्या पुस्तकाला हात लावला नाही. तिसऱ्या दिवशी वाचून काढलं. चांगलं होतं. त्या बाईला मी कधी पाहिलेलं नाही, पण एक सांगते. ती माझी सवत आहे, तरी ती माझ्याशी कधी खोटं बोललेली नाही.

या वैशाखात मी जामनेरला एका लग्नाला गेले. जाणार नव्हते, पण प्रेमराजच्या मामेभावाकडचं कार्य होतं, टाळता आलं नाही. मांडवात सुंदरमावशी भेटल्या. आता फार थकल्या आहेत, पण आपल्याकडची बोली त्यांनी सोडलेली नाही. माझा हात धरून बसवलं, पोरीची चौकशी केली आणि म्हणाल्या, 'तुनं नशीबच तसं, माय. रत्नाले तं बठ्ठं माहीत व्हतं. तिनी त्याले आठेच देखं, आमना शेजारना घरमा. तुले सांगं नही का तिनी?' मी म्हटलं, सांगितलं होतं. का म्हटलं कुणास ठाऊक. तुझी अब्रू वाचवली असेल किंवा माझी. मग पंगतीत जाऊन बसले. वांग्याची भाजी वाढली होती, ताट तसंच सारून उठले.

म्हणजे त्या दिवाळीत तू प्रेमराजला मावशींच्या शेजारी, त्या बाईच्या घरात पाहिलंस, आणि हळद लावत होतीस तेव्हा तुला माहीत होतं. नंतर माझ्या गळ्यात पडून रडलीस तेव्हाही माहीत होतं. कुठल्याशा खोट्या डॉक्टरनं कुणा खोट्या बाईला मारलं, हे तुझ्या पोटात कोपऱ्यापर्यंत राहत नव्हतं, आणि माझ्या उभ्या आयुष्याच्या बाबतीत तू मिठाची गुळणी धरून बसलीस. मला ताकास तूर लागू दिली नाहीस. बोलली असतीस तर सासऱ्यांचा शब्द पडला असता, तुझं स्वतःचं जमलेलं लग्न मोडलं असतं. हे मला कळतं. मी तुझ्या जागी उभी राहून पाहिलं, खूप वेळा पाहिलं. तरी राग जात नाही. प्रेमराजवर मी इतकी कधी चिडले नाही, कारण त्याच्याकडून माझी अपेक्षाच नव्हती. तुझ्याकडून होती. मला तुझा राग येतो, रत्ना, आणि अजूनही कुणी चांगलं पुस्तक दिलं की तुला सांगावंसं वाटतं, त्याचा त्याहून जास्त राग येतो.

आता हर्षलचं. स्थळ त्याच घरातून आलं आहे जिथून माझं आलं होतं, आणि मध्यस्थ तू. मी सरळ नाही कळवणार होते. पण गोष्ट माझ्या हातात राहिलेली नाही. माझ्या उत्तराची वाट न बघता तेजल आणि तो जळगावात दोनदा भेटले. पहिल्या भेटीत दोघं पुस्तकांवरून भांडले म्हणे. तो भयकथा वाचणारा, आणि हिला इतिहासाशिवाय काही चालत नाही. घरी आली ती हसतच. इतकी वर्षं या घरात मी तिला अशी हसताना पाहिली नव्हती. तिला मुलगा आवडला आहे. म्हणून मी तिला समोर बसवून सगळं सांगितलं. वडिलांचं तर तिला माहीतच होतं, तुझं माहीत नव्हतं. तिला तू रत्नामावशी, दर वाढदिवसाला फ्रॉक आणणारी. तिनं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, 'आई, तू नाही म्हणू नकोस आणि हो पण म्हणू नकोस. मीच जाते.'

हे पत्र पोस्टानं आलेलं नाही, तेजलच्या हातून आलं आहे. पाकीट मी बंद केलं नव्हतं. तिनं ते वाचलेलं आहे, मीच वाचायला दिलं. आत्ता ती तुझ्यासमोर बसली असेल. घरात दुसरं कुणी असेल तर त्यांना कामाला लाव आणि दार लोटून घे. हर्षलबद्दल, त्या घराबद्दल तुला जे जे माहीत आहे ते तिला सांग. वाईट काहीच नसेल तर तसं स्वच्छ सांग. मी स्वतः येईन, सुपारी फोडेन आणि तुझ्या हातचं गोड खाईन. पण तिनं विचारल्यावर चहाचं बघते म्हणून आत जाऊ नकोस. तू गप्प राहिलीस तर ती आणखी काही विचारणार नाही. उठेल आणि पाचोऱ्याला परत येईल. तिच्या आईच्या वेळी तुझ्या गप्प बसण्याचा अर्थ काय होता, ते तिला कळलेलं आहे.

तेजलची आई,
आणि एके काळची तुझीच,
दिपमाला