आज थोडं बरं नाही, काळजी नसावी

तीर्थरूप ताईस,

धाकट्याचा दंडवत. तुझा गुडघा आणि भावोजींचा राग, दोन्ही उतारावर असतील अशी आशा करतो. मी ठणठणीत आहे. नुसता ठणठणीत नाही, आज मी जिंकलोय, आणि तुला सांगितल्याशिवाय जेवण पचायचं नाही.

आमच्या जनावरांच्या दवाखान्याची वेबसाइट मी सांभाळतो, हे तुला ठाऊक आहेच. (मांजरं धरायलाही मीच लागतो.) आज सकाळपासून वेळ ठरवायचं पान उघडेना. नुसतं एक वाक्य यायचं, 'आज थोडं बरं नाही, काळजी नसावी.' हे वाक्य डॉक्टरीणबाईंचं. जनावराच्या मालकाला घाबरवायचं नाही हा त्यांचा नियम, तो त्यांनी साइटलाही लावला. आत काहीही बिघडो, पडद्यावर हेच. मग काय, लोक फोन करून विचारू लागले, बाईंना नेमकं झालंय काय? ज्यांनी फोन केला नाही ते थेट आले. एका खोलीत नऊ कुत्री, चार मांजरं आणि शिव्या देणारा एक पोपट. बाईंनी मला बजावलं, "बारापर्यंत चालू झालं नाही तर आपलं जुनं रजिस्टरच बरं. आणि तुम्हीही दुसरीकडे बघा."

आता चूक शोधायची तर ती दिसायला नको? चुकांची नोंद ठेवणारी फाइल उघडली, तर तीही कोरी. नोंद कुठे करायची हेच कुणी (म्हणजे मीच) साइटला सांगितलं नव्हतं. शेवटी सेटिंगमध्ये 'चुका लपवा' होतं तिथे 'चुका दाखवा' केलं. लाल अक्षरांचा पूर आला, पण पहिल्याच ओळीत साइट सरळ बोलली: डेटाबेसचा पासवर्ड चुकीचा आहे. तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. काल संध्याकाळी मीच तो बदलला होता आणि साइटला कळवायचं राहिलं होतं! नवा पासवर्ड घातला, पान उघडलं. बाराला पाच कमी होती. बाई सगळ्यांदेखत म्हणाल्या, "वाघ आहात!" (आणि त्या जनावरं ओळखतात.) माझी छाती अजून खाली आलेली नाही.

भावोजींना नमस्कार, भाचीला गोड पापा.

तुझा,
वाघ

ता. क. एक किरकोळ गोष्ट राहिली. आता प्रत्येक पानाच्या तळाशी एक काळी पट्टी येते. तिच्यावर बोट ठेवलं की सगळ्या सेटिंग उघडतात, पासवर्डसकट. 'चुका लपवा' पुन्हा केलं, तरी ती हटत नाही. आणि पासवर्ड बदलायला आता हात धजत नाही. मेल वाचताच फोन कर.

आणखी ता. क. पासवर्ड आहे 'डॉक्टरीणबाई महाखडूस'. बाई आत्ताच आपल्या सासूबाईंना शेजारी बसवून साइट दाखवताहेत. निम्म्या पानापर्यंत पोचल्या आहेत.