अर्धा तास रस्ता

ता. १ फेब्रु., सोम.
पंचायत हॉलमध्ये आरोग्य शिबिर. वजन ८१. नर्सने आकडा असा ओरडून सांगितला की अख्ख्या सुर्ला गावाला कळला. साखर वाढलेली. भिंतीवर सरकारी पोस्टर: लठ्ठपणा टाळा, चालत राहा. डॉक्टरने माझ्या कागदावरही तेच लिहिलं, रोज अर्धा तास चालणे. मी विचारलं, कुठे? तो हसला. मला आलेला राग अजून गेला नाही. आई साखरेनेच गेली, आधी पाय कापला, मग ती. मी तशी जाणार नाही.

ता. २
गावाला रस्ता एक, तो खाणीच्या ट्रकांचा. कडेने चालावं तर गटार. शेतातली पायवाट खाणीच्या मातीच्या ढिगाखाली गेली. मैदानात ट्रक उभे. आणि शाळेत चौथीला आज मी काय शिकवलं? व्यायामाचे फायदे. लाज वाटली.

ता. ४
चहा घेऊन संध्याकाळी पाचला निघाले. साडी, पायात कॅनव्हासचे बूट. रस्त्याच्या मधोमध. कडेला चिरडली जाण्यापेक्षा मध्ये दिसलेली बरी. मागे रांग लागली. पहिला ड्रायव्हर कोल्हापूरकडचा. "वो बाई, बाजूला व्हा की!" मी डॉक्टरचा कागद वर धरला नि चालत राहिले.

ता. ६
शेजारची शेवंती नि पोस्टातली लता सोबत. लोकांना वाटलं, रास्ता रोको! सरपंच स्कूटरवरून धावत आला.
"बाई, तुमकां कितें जाय? नळ? टँकर?"
"अर्धो तास."
त्याने वहीत लिहून घेतलं आणि पुढच्या मागणीची वाट बघत उभा राहिला.

ता. ९
आमचे हे याच रांगेत ट्रक चालवतात. सुपरवायझरने त्यांना सगळ्यांदेखत ऐकवलं, बायकोला आवर. जेवताना ह्यांना थांबू का, विचारलं. ह्यांनी भात वाढून घेतला. मी थांबणार नव्हतेच, पण विचारलं.
पोदेराच्या भट्टीतले उंडे पाव बंद. आता कोंड्याचा पाव, पोई. घशाखाली उतरत नाही.

ता. १३, शनि.
खाणवाल्यांनी पंचायतीला चालण्याचं यंत्र भेट दिलं. विजेवरचं, जागच्या जागी चालायचं. उद्घाटन माझ्या हस्ते! हार, नारळ, सगळं. सरपंच खूश. "आतां रस्त्यार कित्याक? हांगाच चलात." चढले. चार पावलं, आणि वीज गेली. हॉलभर हशा. पाच वाजलेच होते, बूटही पायात होते. उतरले ती थेट रस्त्यावर. मागून अकरा बायका. हार गळ्यातच राहिला.

ता. १५, सोम.
सकाळी ह्यांना सुपरवायझरचा निरोप: बाई पुन्हा रस्त्यावर दिसली तर तुझा ट्रक खाणीवर भरणार नाही. ह्यांनी मला जसाच्या तसा सांगितला. तरी पाचला निघाले.
आज मागे हॉर्न नाही. वळून बघितलं तर पहिला ट्रक आमचाच. माझ्या चालीने, मधोमध. मागच्या कुणाला पुढे घुसता येईना. पूर्ण अर्धा तास.
घरी येऊन हे एवढंच म्हणाले, "देवळाकडच्या चढावर दमलंस गो."
उद्या ट्रक भरतात की नाही, देव जाणे. मी पाचला निघणार. नाहीच भरला तर हेही मोकळेच आहेत, आणि पोट त्यांचंही सुटलंय.