लुक्क्याचं स्थळ

लुक्का (इटली)
नोव्हेंबर, दुसरा रविवार

तीर्थस्वरूप रंभाताई,

गोविंदाचा साष्टांग नमस्कार. (इथली फरशी दगडी आणि फार गार आहे. म्हणून नमस्कार खुर्चीत बसून लिहिला आहे, घातलेला नाही. बोर्डीला आल्यावर घालीन.) तुझा गुडघा कसा आहे? तेल लावतेस, की लावलं असं नुसतं सांगतेस? सुक्याने विहिरीकडच्या झाडांचे चिकू उतरवायला घेतले असतील. त्याला म्हणावं घाई करू नकोस, आणि तूही झाडाखाली उभी राहून घाई करायला लावू नकोस. आम्ही उभयता बरे आहोत. नूतनला इथली हवा मानवली आहे. मला मानवली असती, पण ज्या कामाला आलो ते डोक्यावर असताना हवा मानवत नाही.

फोन न करता पत्र का, असं तू विचारशील. तू फोन स्पीकरवर ठेवतेस. मग माझं बोलणं सुक्या ऐकतो, कुंपणापलीकडून नविन ऐकतो, आणि बोलतेस मात्र तू एकटीच. पत्रात मला मध्ये कोणी तोडत नाही. आपल्या ओंकारच्या इथल्या कारखान्यातला वापीचा एक सहकारी बुधवारी घरी निघाला आहे. (हे लोक कागद बनवायची यंत्रं बांधतात, आणि वापीत कागदाच्या गिरण्या आहेत. वापीचा माणूस इथे असण्यात नवल नाही.) तो पाकीट तुझ्या हातात देईल. त्याला चहा दे. काही विचारू नकोस, त्याला काही माहीत नाही.

तू मला कशासाठी पाठवलंस ते मी विसरलेलो नाही. मुलगी बघायची, पुढ्यात येईल ते खायचं, हात जोडायचे, ‘आम्ही विचार करून कळवतो’ म्हणायचं, आणि घरी येऊन विचार करायचा नाही. परदेशची सून चिकूच्या सावलीत किती दिवस टिकेल, आणि ती टिकली नाही तर आपला ओंकार तरी कुठे टिकतो, हा तुझा प्रश्न होता. त्याला मी तेव्हा उत्तर दिलं नाही, कारण तू थांबली नाहीस. विमानात ते वाक्य मी पाठ करत होतो. नूतन शेजारी झोपली होती, किंवा तसं दाखवत होती.

आता गावाबद्दल. गावाभोवती एक भिंत आहे. आपण वाडीला घालतो तसली नव्हे. वरून दोन बैलगाड्या शेजारी शेजारी जातील, बैल एकमेकांकडे बघणारही नाहीत, एवढी रुंद. वर मोठाली झाडं, बाकं, सायकली. शत्रूसाठी बांधली, पण शत्रू काही आला नाही म्हणतात. (इतकी तयारी करून कोणी येऊ नये, म्हणजे गावाला कसं वाटलं असेल? आपल्याकडे जेवणाला दोनशे पानं मांडावीत आणि समुद्राला उधाण यावं, तसं.) एकदा नदीला पूर आला तेव्हा दरवाजे लावून पाणी बाहेर ठेवलं, तेवढा उपयोग झाला. तेव्हापासून लोक तिच्यावर फिरायला जातात. पहिल्या सकाळी ओंकार कामावर गेला, नूतन पडून राहिली, आणि मी भिंतीवर चढलो. जिथून चढलो ती जागा लक्षात राहावी म्हणून खूण धरली: बाकावर लाल मफलर घातलेला एक म्हातारा पेपर वाचत होता. भिंत गोल, चुकायचं कसं? मी आरामात चालत राहिलो. म्हातारा मात्र मधल्या काळात पेपर वाचून घरी गेला. त्यामुळे गाव माझ्या डोळ्यांसमोरून एकदा पूर्ण गेलं आणि पुन्हा यायला लागलं. दुसऱ्या फेरीला धावायला आलेल्या बायका मला ओळखून हात करू लागल्या. फोन घरी चार्जिंगला होता.

शेवटी एक मुलगी सायकलवरून समोर येऊन थांबली. “काका, चला. सगळे शोधतात.” मराठी ओंकारने शिकवलेलं आहे, म्हणजे त्याला जेवढं येतं तेवढंच. मुलगी बघायचा कार्यक्रम दुपारी होता. तिने मला सकाळीच बघून घेतलं. “घाबरला?” म्हणाली. मी म्हटलं, छे. “मी घाबरली,” म्हणाली. मग मला सायकलच्या मागे बसवलं आणि दगडी गल्ल्यांतून आणलं. ताई, आपल्या घराण्यात वराचा बाप वधूच्या दारात घोड्यावरून नाही, पण निदान रिक्षातून उतरलेला आहे. मी कॅरियरवरून उतरलो. वाटेत तिने मागे वळून विचारलं, “आत्याचा गुडघा?” (हे मी लिहिणार नव्हतो. पण पान बदलायचं म्हणजे सगळं पुन्हा लिहावं लागेल.)

दुपारी मनोरा. लुक्क्यात एक विटांचा मनोरा आहे आणि त्याच्या माथ्यावर झाडं आहेत. खरी झाडं, ओकची. कुठल्याशा श्रीमंत घराने शेजाऱ्यांपेक्षा आपलं वर दिसावं म्हणून केलेला उद्योग. नविनने पाण्याच्या टाकीवर सिमेंटचं कमळ बसवलं त्यातलाच प्रकार, फक्त याला लोक तिकीट काढून बघतात. वर पोचेपर्यंत माझा दम संपला होता, पण वाफा बघितल्यावर राहवेना. बोट खुपसलं. माती कोरडी. मी तिथल्या रखवालदाराला खुणेने सांगितलं की पाणी कमी पडतं आहे आणि आळं नीट नाही. त्याने शिट्टी वाजवली. ओंकार म्हणाला, “बाबा, कृपा करून खाली बघा. लोक खाली बघायला वर येतात.” खाली सगळी लाल कौलं दिसतात. छान आहेत. गळत असावीत.

तिथून मुलीच्या घरी. बापाचं नाव सिल्व्हानो. भिंतीबाहेर त्याची थोडी जमीन, आणि गावात फळांचं दुकान, एका लंबगोल चौकाच्या तोंडाशी. (पूर्वी तिथे रोमन लोकांचा आखाडा होता. आखाडा गेला, आकार राहिला, आणि घरं त्या आकारात वाकून उभी आहेत.) दुकान बघून मला आनंद झाला, खोटं कशाला सांगू. दाराशी उतरत्या फळ्यांवर एक केशरी फळ मांडलं होतं, एकेक वेगळं, कागदाच्या वाटीत, पूजेला मांडल्यासारखं. टोमॅटोएवढं, पण बघताक्षणी मला ते आपल्या चिकूच्या नात्यातलं वाटलं. इथे त्याला काकी म्हणतात. (मी बनवून सांगत नाही. पुढे काकीला नख लावल्याचा उल्लेख येईल तो फळाबद्दल आहे.)

आता तू सांग, फळ समोर आलं की आपल्या माणसाचा हात कुठे जातो? लहानपणी बाबांनी तुला आणि मला झाडाखाली उभं करून शिकवलं. अंगठ्याच्या नखाने साल किंचित खरडायची. खाली हिरवं दिसलं तर राहू द्यायचं, पिवळट दिसलं तर उतरवायचं. मी बोलत होतो सिल्व्हानोशी, म्हणजे हसत होतो, आणि नख आपलं काम करत होतं. पहिली फळी संपवून मी दुसरीवर गेलो. काकी पिकली की आत नुसता पाक असतो, हे मला कोणी सांगितलं नव्हतं. खरडलं की ती रडते. इथे गिऱ्हाइकाने फळाला बोटही लावायचं नसतं. पाटी होती. पाटी इटालियनमध्ये होती.

सिल्व्हानोला जे बोलायचं होतं ते तो दोन्ही हातांनी बोलला. ओंकारने भाषांतर करायला तोंड उघडलं आणि मिटलं. “काय म्हणतात?” मी विचारलं. “काही नाही. तुमच्या तब्येतीची चौकशी करताहेत.” नूतनने पदर तोंडाला लावला. मुलगी फळीकडे बघत राहिली आणि मग, मला आश्चर्य वाटलं, हसायला लागली. बाप तिच्यावरही ओरडला. मी बापाच्या बाजूने होतो. माझ्या फळांना कोणी असं केलं असतं तर मी सुक्याला हाक मारली असती.

जेवायला माडीवर नेलं. घरात मुलीची आजी आहे. तुझ्यापेक्षा वीतभर बुटकी, आवाज तेवढाच. तिने मला आपल्या समोर बसवलं आणि जेवण संपेपर्यंत माझ्या अंगठ्याकडे बघत होती. तू दिलेले सुके बोंबील नूतनने भेट म्हणून पुढे केले. त्यांनी ते आदराने हातात घेतले, आदराने हुंगले, आणि आदराने गॅलरीत ठेवले. खाली चौकात कोणाचा तरी कुत्रा भुंकायला लागला तो आम्ही निघेपर्यंत भुंकत होता.

आणि आता मुख्य गोष्ट. कॉफी झाली. मी हात जोडले, घसा साफ केला, तुझं वाक्य जिभेवर आणलं. तेवढ्यात सिल्व्हानो उठला, आजीकडे बघितलं, आणि काहीतरी म्हणाला. ओंकारचा चेहरा उतरला. मी म्हटलं, सांग. तो म्हणाला, “ते म्हणताहेत, आम्ही विचार करून कळवतो.”

ताई, आमच्याआधी! मुलीकडच्यांनी! आजीचं म्हणणं असं की मुलगा चांगला आहे, पण ज्या घरातली माणसं फळाला नख लावून बघतात, ती सुनेला काय करतील? घर अनोळखी, चालीरीती ठाऊक नाहीत, वडीलधारं कोण ते कळत नाही. वडीलधारं कोण! मी बोट दाखवलं स्वतःकडे. आजीने मान हलवली. तिला खरंच वाटलं नाही.

एका अर्थी तुझ्या मनासारखं झालं. नकार द्यायचे कष्ट वाचले. मी शांत आहे. फक्त गावात काय सांगायचं ते कळव. चार घरची स्थळं आपण परत पाठवली, आपल्याला आजवर कोणी परत पाठवलं नव्हतं. नविन विचारणारच. त्याच्या पुतण्याला कॅनडात होकार मिळाला तेव्हा त्याने आख्ख्या आळीत पेढे वाटले होते आणि आपल्या घरी दोन जास्त दिले होते. तो म्हणेल, गोविंदरावांच्या ओंकारला फळवाल्याने नाही म्हटलं. म्हणू दे. आपण ऐकून घेऊ. तू मनाला लावून घेऊ नकोस. गुडघ्याला तेल लाव.

सगळ्यांना नमस्कार आणि आशीर्वाद, जे ज्याला लागू पडेल ते.

तुझा,
गोविंदा

ता. क. रविवारी दुपारी जेवणानंतर ही सगळी मंडळी घरी असतात. आपल्याकडे तेव्हा संध्याकाळ. तुला वाटलं तर ओंकारला व्हिडिओ कॉल कर, तो आजीपुढे फोन धरेल. मराठीत बोल. तुझ्या नेहमीच्या आवाजात बोल. आम्हाला न विचारता नकार देणारे तुम्ही कोण, एवढंच विचार. मी काही सुचवत नाही.

आणखी ता. क. पाकीट चिकटवायला नूतनकडे दिलं आहे. माझ्या जिभेला इथल्या गोंदाची चव चालत नाही.

ती. ताईंना नूतनचा नमस्कार. पाकीट अजून उघडं आहे, म्हणून लिहिते.

कोणी नकार दिलेला नाही. काकी खरडल्या, ते खरं. सिल्व्हानो ओरडला, तेही खरं. पण दुसऱ्या दिवशी तो स्वतः येऊन ह्यांना आपल्या जमिनीवर घेऊन गेला. आता रोज नेतो. एकाला दुसऱ्याचं अक्षर कळत नाही आणि दोघं मिळून झाडांना रागावतात. बोंबील मी त्याच गॅलरीत तळले. आजीने दोनदा घेतले. तुमची पद्धत विचारली.

त्यांच्याकडून केव्हाच होकार आहे. आजीने एवढंच विचारलं, तुमच्याकडून कोणाचं ‘हो’ यायचं राहिलंय? आम्ही म्हटलं, कोणाचं नाही. ओंकार म्हणाला, आत्याचं. आई शाळेत शिकवायला जायची तेव्हा मला तिने वाढवलं, ती हो म्हणाल्याशिवाय तारीख धरायची नाही. तो स्वतः तुम्हाला विचारत नाही, कारण तुम्ही नाही म्हणालात तर तो ऐकेल. त्यालाही ते माहीत आहे, मुलीलाही.

ह्यांचं म्हणणं, ताई रागावली तरच हो म्हणते. आठवडाभर बसून हे पत्र त्यासाठी लिहिलंय. मला तसं वाटत नाही. तुम्हाला आजवर कोणी सरळ विचारलेलंच नाही, सगळे तुम्हाला वळसा घालून जातात. म्हणून मी सरळ विचारते: तुम्ही हो म्हणाल का? वाडीत ती किती टिकेल ते मला सांगता येणार नाही. मीसुद्धा टिकेन असं तुम्हाला पहिल्या वर्षी वाटलं नव्हतं.

रविवारी फोन जरूर करा. आधी ह्यांच्यावर मनसोक्त ओरडा, त्यांनी चेहरा तयार करून ठेवलाय. मग फोन मुलीकडे द्यायला सांगा. एवढ्या मोठ्या पत्रात ह्यांनी तिचं नाव एकदाही लिहिलेलं नाही, कारण घरात तुम्ही ते कोणाला घेऊ दिलं नव्हतं.

इलारिया. एकदा मोठ्याने म्हणून बघा, कठीण नाही.